पेशी येते कुठून? बर्लिनमधील एका वादाचा इतिहास

सर्व सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, ही दोन विधाने शालेय पाठ्यपुस्तकात एकाच परिच्छेदात, बहुधा एकाच वाक्यात येतात. त्यामुळे ती एकाच शोधाची दोन अंगे असावीत असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहासात मात्र ती जोडीने आली नाहीत. पहिले विधान १८३९ पर्यंत मान्यतेस आले होते, तर दुसरे प्रस्थापित होण्यास त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे लागली, आणि नवलाची गोष्ट अशी, की ज्या दोघांनी पहिले विधान सिद्ध केले त्यांचेच मत दुसऱ्याच्या वाटेतील सर्वांत मोठी धोंड ठरले. ही धोंड दूर झाली ती मुख्यतः बर्लिन या एकाच शहरात, आणि या वादातील बहुतेक माणसे एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेली होती. या इतिहासाचे जे रूप रूढ झाले आहे त्यात हूक, श्लायडेन, श्वान आणि फिरखो अशी चार नावे ओळीने घेतली जातात. ज्याने पेशीविभाजनाचा पुरावा प्रत्यक्ष गोळा केला त्या रॉबर्ट रेमाकचे नाव त्या ओळीत सहसा नसते.

मराठीतील ‘पेशी’ हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ नवा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या देहातील पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे, कारण तेथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या भाषेत स्नायू. ‘मांसपेशी’ या शब्दात तो अर्थ अजूनही टिकून आहे. आधुनिक जीवशास्त्र भारतीय भाषांत आले तेव्हा हिंदीने ‘कोशिका’ हा शब्द घेतला, तर मराठीने जुन्याच शब्दाला नव्या कामाला लावले. एकसारख्या पेशींच्या समूहाला मराठीत ‘ऊती’ म्हणतात, आणि हा शब्द विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आलेला आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी याच वस्तूला दिलेले नावही विणलेल्या कापडावरूनच घेतलेले आहे. ‘पेशी’च्या बाबतीत मात्र दोन्हीकडच्या कल्पना जुळत नाहीत. युरोपीय भाषांतील ‘सेल’ हा शब्द लॅटिनमधील लहान खोली या अर्थाच्या शब्दापासून आला असल्याने त्यात भिंती महत्त्वाच्या आणि आतली जागा रिकामी, तर मराठी शब्दात भिंतीचा पत्ताच नाही, आहे तो भरीव गोळा. या फरकाला पुढे महत्त्व आले.

खोलीची उपमा लंडनमधील रॉबर्ट हूकची. रॉयल सोसायटीच्या प्रयोगांची व्यवस्था पाहणाऱ्या या कुशल माणसाने धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याचे चित्र दिले. मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी ही छिद्रे एका इंचाच्या अठराव्या भागात सुमारे साठ, म्हणजे इंचाला १,०८० भरतात, आणि त्या हिशेबाने एका घनइंचात त्यांची संख्या एकशे पंचवीस कोटींच्या पुढे जाते, असा त्याने गुणाकार करून ठेवला आहे. या आकड्याने तो स्वतःच चकित झाला होता. परंतु बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. हूकने पाहिले ते पेशींचे सांगाडे होते, आणि आतला जिवंत ऐवज नाहीसा झालेला असल्यामुळेच त्या भिंती इतक्या स्पष्ट दिसल्या. पेशीच्या शोधाचे श्रेय हूकला देण्याची प्रथा आहे. त्याने दिले ते नाव, आणि तेही वस्तूच्या सर्वांत कमी महत्त्वाच्या भागावरून दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. थोड्याच वर्षांनी डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने स्वतः घडवलेल्या एकाच भिंगाच्या उपकरणातून पाण्यातील सूक्ष्म जीव, रक्तातील कण आणि शुक्रजंतू पाहिले, पण हे सारे एकाच प्रकारचे घटक आहेत अशी कल्पना त्याला किंवा त्याच्या काळातील कोणालाही सुचण्याचे कारण नव्हते.

यानंतरच्या दीडशे वर्षांत या विषयाची फारशी प्रगती झाली नाही, आणि त्याचे कारण बुद्धीपेक्षा काचेत अधिक होते. साध्या भिंगातून जाताना प्रकाशातील निरनिराळे रंग निरनिराळ्या प्रमाणात वळतात आणि प्रतिमेभोवती रंगीत किनार उमटते. या दोषाला वर्णविपथन म्हणतात. एकाहून अधिक भिंगांच्या सूक्ष्मदर्शकात हा दोष वाढत जातो, शिवाय भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांच्या जागी एकत्र येत नाहीत, त्यामुळे मोठे दिसावे म्हणून भिंगे वाढवली की चित्र धूसर होत असे. अशा उपकरणांतून पाहणाऱ्यांना प्राण्यांच्या सगळ्या ऊतींत बारीक गोलक दिसत आणि त्यांवर सिद्धान्तही रचले जात. लंडनमधील जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्यव्यापाऱ्याने, ज्याचा मुलगा पुढे निर्जंतुक शस्त्रक्रियेमुळे जगप्रसिद्ध झाला, दोन प्रकारच्या काचेची भिंगे कोणत्या अंतराने जोडली असता दोन्ही दोष एकदम आटोक्यात येतात हे शोधून १८३० मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी तीन वर्षे त्याने आणि टॉमस हॉजकिनने सुधारलेल्या उपकरणातून ऊती पाहून ते गोलक बहुतांशी भिंगाचे भास असल्याचे दाखवून दिले होते. बर्लिनमध्ये पिस्टर आणि शीक या कारागिरांच्या कारखान्यात दोषरहित भिंगांचे सूक्ष्मदर्शक तयार होऊ लागले, आणि तेथील तरुण वैद्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच विश्वास ठेवता येईल असे उपकरण आले.

हे वैद्य ज्याच्याभोवती जमले तो योहानेस म्युलर १८०१ मध्ये कोब्लेन्झ येथे जन्मला आणि बॉन येथे अध्यापन करून १८३३ मध्ये बर्लिन विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. प्रशियाच्या राजधानीतील हे विद्यापीठ तेव्हा पंचवीस वर्षांचेही नव्हते, पण शवविच्छेदनासाठी लागणारी सोय आणि शारिते हे मोठे रुग्णालय त्याच्या हाताशी होते. प्लेगच्या भीतीने १७१० मध्ये शहराच्या वेशीबाहेर बांधलेली ही वास्तू पुढे गरिबांचे रुग्णालय झाली होती. म्युलरने नवा सिद्धान्त फारसा मांडला नाही. त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक दिला, संग्रहालयातील नमुने खुले केले आणि १८३४ पासून तो चालवीत असलेल्या नियतकालिकात त्यांचे निबंध छापले. श्वान, हेन्ले, रेमाक, फिरखो, हेल्महोल्ट्स ही एकोणिसाव्या शतकातील शरीरविज्ञानाची मोठी नावे एकाच माणसाच्या शिष्यवर्गात मोडावीत, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात विरळाच. जिवंत शरीरात भौतिक नियमांपलीकडची एक जीवनशक्ती कार्य करते असे म्युलर स्वतः मानीत असे, आणि त्याच्या बहुतेक शिष्यांनी ती शक्ती नाकारण्यात आपले आयुष्य घालवले.

मथियास श्लायडेन हा हॅम्बुर्गचा वकील. वकिलीत अपयश आले, नैराश्याच्या भरात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, ती निभावली आणि तो वनस्पतिशास्त्राकडे वळला. बर्लिनमध्ये म्युलरच्या सहवासात काम करताना त्याचे लक्ष रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या एका निरीक्षणाकडे गेले. ऑर्किडच्या पेशींत एक गोलसर, अपारदर्शक ठिपका असतो असे सांगून ब्राउनने १८३१ मध्ये त्याला नाव दिले होते. तेच आजचे केंद्रक. श्लायडेनने १८३८ मध्ये म्युलरच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात वनस्पतीचे सर्व भाग पेशींचेच बनलेले आहेत असे प्रतिपादन केले, आणि पेशी तयार होते ती या केंद्रकामुळेच, असेही सांगितले. त्याच्या मते पेशीतील कणयुक्त द्रवात प्रथम कण एकत्र येऊन केंद्रक बनते, मग त्याच्यावर एक पातळ पडदा उचलला जातो, खिशातल्या घड्याळावर बसवलेल्या फुगीर काचेसारखा, आणि तो पडदा वाढत जाऊन नवी पेशी तयार होते. हे वर्णन पूर्णपणे चुकीचे होते, पण त्या चुकीतूनच केंद्रकाला प्रथम महत्त्व आले.

प्राण्यांच्या बाजूने हे काम थिओडोर श्वान याने केले. नॉयस येथे १८१० मध्ये जन्मलेला हा सश्रद्ध कॅथलिक तरुण बॉनपासून म्युलरच्या बरोबर होता आणि बर्लिनमधील चारपाच वर्षांत त्याने केलेले काम एखाद्याच्या आयुष्याला पुरले असते. जठररसातील पेप्सिन हे पाचक द्रव्य त्याने १८३६ मध्ये वेगळे केले. पुढच्याच वर्षी साखरेचे मद्य करणारे यीस्ट सजीव असल्याचे त्याने दाखवले, आणि तापवलेली हवाच आत सोडली तर मांसाचा रस सडत नाही हे सिद्ध करून सूक्ष्मजीव निर्जीव पदार्थातून आपोआप उपजतात या जुन्या मताला धक्का दिला. त्याच वर्षी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर श्लायडेनने वनस्पतिपेशींतील केंद्रकाविषयी सांगितले तेव्हा असाच ठिपका आपण पृष्ठरज्जूत, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतील लवचिक दांड्याच्या पेशींत, पाहिल्याचे श्वानला आठवले, आणि दोघे लगेच ते तपासायला गेले, अशी हकीकत त्याने स्वतःच अनेक वर्षांनंतर सांगितली. ‘प्राणी आणि वनस्पती यांच्या रचनेतील व वाढीतील साम्य’ दाखवणारा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये पूर्ण झाला. वनस्पतींच्या पेशींना जाड भित्तिका असल्याने त्या ओळखणे सोपे असते. प्राण्यांच्या ऊतींत तंतू, पटले, कूर्चा, हाडे, नखे असे परस्परांशी काहीच साम्य नसलेले पदार्थ दिसतात. श्वानने प्रत्येक ऊतीचा माग भ्रूणावस्थेपर्यंत मागे नेला आणि त्या प्रत्येकीच्या मुळाशी केंद्रक असलेल्या पेशीच असल्याचे दाखवले. शरीरातील रासायनिक घडामोडींना आज चयापचय म्हणतात. पेशींच्या या सामर्थ्यासाठी जे ग्रीक विशेषण त्याने घडवले त्यातूनच पाश्चात्य भाषांतील त्या अर्थाची संज्ञा तयार झाली.

परंतु पेशी कुठून येते या प्रश्नाचे त्याचे उत्तर श्लायडेनच्याच वाटेने गेले, किंबहुना त्याच्याही पुढे गेले. पेशींच्या बाहेर असलेल्या आकारहीन द्रवात, ज्याला तो मूळद्रव म्हणे, साखरेच्या पाकात खडे धरावेत तशा पेशी धरतात असे त्याने मांडले. या उपमेमागे एक गंभीर हेतू होता. स्फटिक ज्या नियमांनी वाढतात त्याच स्वरूपाच्या नियमांनी पेशी वाढत असतील तर म्युलरच्या जीवनशक्तीची गरज उरत नाही, आणि ईश्वराने सृष्टी एकदाच नियमांनी बांधली हे श्वानचे श्रद्धेचे मतही अबाधित राहते. सूक्ष्मजीव आपोआप उपजत नाहीत हे ज्याने प्रयोगाने दाखवले, त्यानेच शरीरातील पेशी द्रवातून आपोआप उपजतात असे दोन वर्षांत मांडावे, ही विसंगती त्याला जाणवली नाही. श्वान १८३९ मध्येच बेल्जियममध्ये लूवाँ येथे निघून गेला आणि तेथे, व पुढे लीएज येथे, त्याने चाळीस वर्षे अध्यापन केले. पेशींवरील त्याचे काम मात्र बर्लिनमध्येच संपले.

वैद्यकात या मताला सहज आसरा मिळाला, कारण रोग शरीरातील द्रवांच्या बिघाडातून होतो ही समजूत युरोपातही आपल्याकडच्या त्रिदोषांइतकीच मुरलेली होती. व्हिएन्नामधील रोकितान्स्की या थोर विकृतिशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये रक्तातील द्रव्यांचे मिश्रण बिघडल्यामुळे रोग होतात असा सिद्धान्त मांडला, त्यात जखमेतून किंवा सुजेतून पाझरणाऱ्या द्रवात पूच्या आणि गाठींच्या पेशी तयार होतात हे कलम बिनतक्रार बसत होते. वनस्पतिशास्त्रात तोवर परिस्थिती बदलू लागली होती. मोल याने शैवालात पेशी आडवी भिंत घालून दुभंगताना १८३५ मध्येच वर्णिली होती आणि १८४० नंतरच्या दशकात नेगेली याने विभाजन हाच वनस्पतींतील सामान्य मार्ग असल्याचे दाखवत आणले होते. प्राण्यांच्या पेशींना दिसण्याजोगी भिंत नसल्यामुळे तेथे असा पुरावा मिळणे फार अवघड होते.

तो पुरावा गोळा करणारा रॉबर्ट रेमाक १८१५ मध्ये पोझेन येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील पोझ्नान येथे, एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि १८३३ मध्ये, म्युलर आला त्याच वर्षी, बर्लिनला शिकायला आला. मज्जेचे आवरण नसलेले चेतातंतू त्याने विद्यार्थिदशेतच शोधले आणि १८३८ मध्ये त्यावर प्रबंध लिहून पदवी मिळवली. प्रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात शिकवता येत नसे. त्या काळातील अनेकांनी ही अडचण बाप्तिस्मा घेऊन सोडवली. रेमाकने धर्मांतर करण्यास नकार दिला. त्याने १८४३ मध्ये थेट राजाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारख्या वजनदार माणसाने शब्द टाकल्यावर १८४७ मध्ये त्याला खाजगी अध्यापक म्हणून व्याख्याने देण्याची परवानगी मिळाली. खाजगी अध्यापकाला विद्यापीठ वेतन देत नसे. विद्यार्थ्यांनी दिलेल्या शुल्कावर त्याने भागवायचे असे. ज्यू राहून बर्लिन विद्यापीठात हा दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. पेशीविषयीचे त्याचे काम झाले ते या परिस्थितीत, रुग्ण तपासून उदरनिर्वाह करता करता, स्वतःची संस्था किंवा साहाय्यक हाताशी नसताना.

अंड्यातील कोंबडीच्या पिल्लाच्या रक्तात दोन केंद्रके असलेल्या आणि मध्ये आवळल्यासारख्या दिसणाऱ्या तांबड्या पेशी त्याला १८४१ मध्ये दिसल्या, आणि त्या दुभंगत असाव्यात असा तर्क त्याने केला. पण एक उदाहरण म्हणजे नियम नव्हे हे तो जाणून होता. रक्तपेशी हा अपवादही असू शकत होता. पुढची दहा-बारा वर्षे तो कोंबडीचे भ्रूण आणि बेडकाची अंडी तासातासाने पाहत राहिला. बेडकाचे फलित अंडे प्रथम दोन, मग चार, मग आठ अशा खंडांत विभागत जाते हे १८२४ पासून माहीत होते, परंतु हे खंड म्हणजे पेशी आहेत, आणि भ्रूणाच्या कातडीपासून आतड्यापर्यंतच्या सर्व पेशी कोठेही खंड न पडता त्यांच्यापासूनच येतात, हे साखळीतील एकेक कडी दाखवून सिद्ध करणे हे वेगळे काम होते. येथे अडचण होती ती पेशीच्या पातळ आवरणाची. ते ताज्या अवस्थेत दिसत नाही, त्यामुळे दोन खंडांच्या मधली रेघ ही खरी सीमा की नुसती खाच, हे ठरवता येत नसे. रेमाकने मोरचूद आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरून अंडी कठीण करण्याची रीत बसवली आणि त्या रीतीने प्रत्येक खंडाभोवतीचे आवरण दिसू लागले. सिद्धान्ताच्या इतिहासात अशा कृतींना सहसा स्थान मिळत नाही, तरी या वादाचा निकाल जितका तर्काने लागला तितकाच या निळ्या द्रावणानेही लागला.

म्युलरच्या नियतकालिकात १८५२ मध्ये त्याने आपला निष्कर्ष मांडला. प्राण्यांच्या पेशी पेशीबाहेरील द्रवात निर्माण होतात ही कल्पना आपल्याला सजीव आपोआप उपजतात या कल्पनेइतकीच असंभाव्य वाटत आली आहे, अशा आशयाचे त्याचे विधान श्वानच्या विसंगतीवर नेमके बोट ठेवते. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या विकासावरील त्याचा मोठा ग्रंथ १८५५ मध्ये पूर्ण झाला. भ्रूणात तीन जननस्तर असतात आणि शरीरातील प्रत्येक अवयव त्यांपैकी एका किंवा अधिक स्तरांतून येतो ही आज शिकवली जाणारी मांडणीही त्याच ग्रंथातली आहे. निरोगी ऊतींना जो नियम लागू तोच गाठींनाही लागू असला पाहिजे, असेही त्याने सुचवले. विभाजनाला सुरुवात केंद्रकाच्या आतील लहान कणापासून होते हे त्याचे मत मात्र पुढे टिकले नाही.

रूडोल्फ फिरखो हा रेमाकपेक्षा सहा वर्षांनी लहान, पोमेरेनियातील शिफेलबाइन गावचा. शारिते रुग्णालयातील शवविच्छेदनगृहात त्याने विशीतच रक्ताच्या गुठळ्या शिरांत कशा धरतात आणि वाहत जाऊन दूरची रक्तवाहिनी कशा बंद करतात याचा उलगडा केला, पांढऱ्या पेशींनी भरलेल्या रक्ताच्या रोगाला ल्युकेमिया हे नाव दिले, आणि १८४७ मध्ये स्वतःचे नियतकालिक काढले. वरच्या सायलीशियात पसरलेल्या टायफसच्या साथीची पाहणी करायला सरकारने त्याला १८४८ मध्ये पाठवले, तेव्हा त्याने अहवालात औषधांपेक्षा लोकशाही, शिक्षण आणि चांगले वेतन यांची मागणी केली. परत येताच मार्चमधील उठावात तो बर्लिनच्या रस्त्यांवरील मोर्चेबंदीत सामील झाला. याचा परिणाम म्हणून त्याला बर्लिन सोडावे लागले आणि १८४९ मध्ये तो व्युर्त्सबुर्ग येथे प्राध्यापक झाला. येथपर्यंत तोही पेशी द्रवातून उपजतात असेच मानणाऱ्यांपैकी होता. रेमाकचे काम त्याला माहीत होते, आणि सुरुवातीला ते त्याला पटले नव्हते.

मत बदलले ते हळूहळू, आणि बदलल्यावर त्याने ते असे जाहीर केले की मूळ कोणाचे याची विचारपूस करण्याचे कोणाला कारणच उरले नाही. आपल्या नियतकालिकातील १८५५ च्या एका लेखात त्याने प्रत्येक पेशी पेशीपासूनच येते हे तत्त्व मांडले आणि त्याला चार लॅटिन शब्दांचे रूप दिले. ही घडण इंग्रज वैद्य हार्वे याच्या सतराव्या शतकातील, सर्व काही अंड्यातून येते या वचनावर बेतलेली होती, आणि जवळजवळ याच शब्दांचे सूत्र फ्रान्समधील रास्पाय याने तीस वर्षांपूर्वी वापरले होते. म्हणजे शब्द रास्पायचे, पुरावा रेमाकचा आणि कीर्ती फिरखोची. रेमाकला जे श्रेय द्यायला हवे होते ते त्या लेखात दिले गेले नाही, आणि ही गोष्ट रेमाकला लागली. तथापि फिरखोच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल, की भ्रूणशास्त्रातील एक निष्कर्ष उचलून तो सगळ्या रोगविज्ञानाचा पाया आहे हे त्यानेच ओळखले, आणि ते वैद्यांना पटवून देण्याची ताकद रेमाककडे नव्हती.

बर्लिनने १८५६ मध्ये फिरखोला परत बोलावले आणि शारितेच्या आवारात त्याच्यासाठी विकृतिशास्त्राची नवी संस्था उभारली. तेथे १८५८ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याने मुख्यतः शहरातील वैद्यांसाठी वीस व्याख्याने दिली, लघुलेखकाने ती उतरून घेतली आणि त्याच वर्षी ती ‘सेल्युलारपाथोलोगी’ या नावाने ग्रंथरूपाने निघाली. रोगाचे ठिकाण द्रवात नाही, संपूर्ण अवयवातही नाही, ते पेशीत आहे. पू, सूज, गाठ यांतील प्रत्येक पेशीला तिची आई आहे आणि ती शोधली पाहिजे, हा त्या व्याख्यानांचा गाभा. व्याख्याने संपली त्याच महिन्याच्या अखेरीस म्युलर वारला. शरीराला फिरखोने पेशींच्या राज्याची उपमा दिली, ज्यात प्रत्येक पेशी समान हक्कांची नागरिक असून कोणीही राजा नाही. मोर्चेबंदीत उभ्या राहिलेल्या माणसाला शरीर असे दिसावे यात नवल नाही, आणि प्रशियाच्या संसदेत तो बिस्मार्कचा कडवा विरोधक झाला तेव्हा या उपमेचा राजकीय अर्थ कोणाच्याही नजरेतून सुटला नसेल. बिस्मार्कने १८६५ मध्ये त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले होते हे खरे. द्वंद्वासाठी फिरखोने जंतूंनी भरलेले सॉसेज निवडल्याची जी गोष्ट सांगतात, तिला मात्र आधार नाही.

या सिद्धान्ताच्या व्यवहारी बाजूची सर्वांत गाजलेली परीक्षा फिरखोला अडचणीत टाकणारी ठरली. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याच्या घशात १८८७ मध्ये गाठ आढळली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाची शंका होती, पण इंग्लंडहून बोलावलेल्या मॅकेन्झीने शस्त्रक्रियेआधी गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा असा आग्रह धरला आणि तुकडे फिरखोकडे गेले. त्याला त्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया टळली, युवराज मार्च १८८८ मध्ये सम्राट झाला, नव्व्याण्णव दिवस राज्य करून जूनमध्ये वारला, आणि शवविच्छेदनात कर्करोगच निघाला. फिरखोच्या हाती आलेले तुकडे लहान आणि वरवरच्या भागातील होते, आणि जे तुकड्यात नाही ते सूक्ष्मदर्शक दाखवू शकत नाही. आज मुंबईतील मोठ्या रुग्णालयापासून तालुक्याच्या गावातील दवाखान्यापर्यंत बायोप्सी या नावाने परिचित असलेली तपासणी म्हणजे हीच पद्धत, आणि तुकडा कोठून व किती खोलवरून घेतला यावर तिचा निकाल आजही अवलंबून असतो.

पेशीची व्याख्या मात्र फिरखोच्या हयातीतच बदलली. बॉन येथील माक्स शुल्त्से याने १८६१ मध्ये असे दाखवले, की पेशीला भिंत असलीच पाहिजे असे नाही. पेशी म्हणजे जीवद्रव्याचा एक गोळा, ज्याच्या आत केंद्रक असते. त्यामुळे हूकने दिलेले खोलीचे नाव अर्थाच्या दृष्टीने रिकामे झाले, तरी व्यवहारात तेच राहिले. मराठीने निवडलेला मांसगोळ्याचा शब्द या नव्या व्याख्येला अनवधानाने अधिक जवळचा ठरला. कोळशाच्या डांबरापासून बनणारे कापडाचे कृत्रिम रंग प्रयोगशाळेत आल्यावर केंद्रकातील घटना दिसू लागल्या, आणि कील येथील वाल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये केंद्रकातील धाग्यांची उभी विभागणी होऊन ते दोन पेशींत सारखे वाटले जातात हे सविस्तर दाखवले. हे धागे म्हणजे गुणसूत्रे, ज्यांचे पाश्चात्य भाषांतील नाव बर्लिनच्याच वाल्डायरने १८८८ मध्ये ठेवले. चेतासंस्था तेवढी पेशींच्या नियमात बसते की ती अखंड जाळे आहे हा वाद त्यानंतरही चालू राहिला; तो मिटवणारे दोन चेतापेशींमधील फटीचे चित्र १९५० नंतर मिळाले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे, आणि पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रुस्का व क्नोल यांनी १९३१ मध्ये तयार केला तोही बर्लिनमध्येच.

रेमाकला १८५९ मध्ये दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. तोवर त्याने भ्रूणशास्त्र सोडून विजेच्या प्रवाहाने चेतांचे रोग बरे करण्याच्या प्रयत्नांकडे लक्ष वळवले होते. तो १८६५ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला. त्याच नावाचा त्याचा नातू गणितज्ञ होता. नाझी राजवटीत त्याला आउश्वित्स येथे पाठवण्यात आले आणि तेथे १९४२ मध्ये त्याचा अंत झाला. शारिते रुग्णालयाजवळच्या चौकात फिरखोचे स्मारक १९१० पासून उभे आहे. त्यात वर एक बलदंड पुरुष श्वापदाशी झुंजताना दाखवला असून फिरखोचा चेहरा खाली चौथऱ्यावर कोरलेला आहे. रेमाकचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही भेटते, पण ते चेतातंतूंच्या प्रकरणात; पेशीविभाजनाच्या प्रकरणात ते छापण्याची पद्धत अजून पडलेली नाही.